पत्ताकोबीचं मंच्युरियन

बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी घराबाहेर काही खायचं म्हटलं तर मोजकेच पर्याय असतात. बसस्थानकाजवळचं वडा-भज्याचं हॉटेल, बिर्याणीचं दुकान, गावाबाहेरचा ढाबा आणि चायनीज सेंटर. बिर्याणी इथली जुनी. बीड सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे तो स्वयंपाक इथे पिढ्यानपिढ्या मुरलेला आहे. ढाबा ट्रकच्या रस्त्याबरोबर आला. चायनीज सेंटर या सगळ्यांत वयानं लहान. तरीही केज, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, आष्टी, कुठेही जा आणि कॉलेजच्या वयाच्या मुलांना काय खायचं विचारा, पहिलं नाव त्याचंच निघतं.

पत्र्याची गाडी, मागे ताडपत्री, पुढे लाल-पिवळ्या अक्षरांचा फलक आणि त्यावर ड्रॅगन. बाजूला प्लास्टिकची चार टेबलं, खुर्च्या. फळीवर सोया सॉस, चिली सॉस आणि व्हिनेगरच्या बाटल्या. एका परातीत बारीक चिरलेली पत्ताकोबी, दुसरीत गाजर आणि सिमला मिरची, तिसरीत तळून ठेवलेले मंच्युरियनचे तांबूस गोळे, आणि मोठ्या पातेल्यात शिजवून मोकळा केलेला भात. दरफलकावर हाफ आणि फुल असे दोन भाव. "भाऊ, एक हाफ शेजवान राईस, एक मंच्युरियन ड्राय, अन् तिखट जरा कमी टाका" असं सांगितलं की भट्टी घोंगावायला लागते आणि पाच-सात मिनिटांत प्लेट समोर येते. वर कच्चा कोबी, बाजूला लाल चटणी.

या प्लेटमधली जवळपास प्रत्येक वस्तू भारतात पिकलेली किंवा भारतात बनलेली असते. मंच्युरियात मंच्युरियन कोणी रांधत नाही. म्हणून हे खोटं चायनीज, असं म्हणायची शहरी खवय्यांची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. हे अन्न खरं आहे, त्याला जवळपास अडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास पोटासाठी घर सोडून दूर गेलेल्या माणसांनी घडवलेला आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ज्या जिल्ह्यातून लाखो माणसं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर आणि ट्रकवर चढवून ऊसतोडीला जातात, त्या जिल्ह्यातल्या वाचकाला तर तो माहीत असायलाच हवा. कारण त्याची सुरुवातच उसापासून होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टाँग अच्यू नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला हुगळीच्या काठी, बजबजजवळ जमीन दिली. तिथे अच्यूनं ऊस लावला, साखरेचा कारखाना घातला आणि कामासाठी चीनमधून करारानं बांधलेले मजूर आणले. भारतातली ही पहिली चिनी वसाहत मानली जाते. मजूर टिकेनात. ते पळून कलकत्त्याला जाऊ लागले. अच्यूनं तक्रार केली आणि १७८१ मध्ये कंपनी सरकारनं अशा मजुरांना फूस लावणाऱ्यांना ताकीद देणारी जाहीर सूचना काढली. उचल घेऊन कारखान्यावर गेलेलं जोडपं हंगामाच्या मध्येच निघून आलं की मुकादम त्यांच्या दारात येऊन बसतो, हे धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. दोन काळ आणि दोन देश वेगळे, पण ऊस आणि आगाऊ पैशानं बांधलेला माणूस ही जोडी तीच.

अच्यू थोड्याच वर्षांत वारला, कारखाना मोडला आणि उरलेले मजूरही कलकत्त्यात गेले. त्याच्या नावावरून त्या जागेला आजही अचीपूर म्हणतात. तिथे त्याची लाल रंगाची कबर आहे, चिनी देऊळ आहे आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत कलकत्त्यातली चिनी कुटुंबं तिथे दर्शनाला जातात. पुढच्या शतकात चीनमधून आणखी माणसं येत राहिली. कँटनकडचे सुतारकामात शिरले, हूपेकडचे दंतवैद्य झाले आणि हाक्का लोकांनी चामडं कमावण्याचा आणि बूट शिवण्याचा धंदा धरला. आपल्याकडे जातीनं ज्यांच्या माथी मारलेला होता त्यांच्याशिवाय त्या धंद्याला कोणी हात लावत नसे, तो बाहेरून आलेल्या या लोकांनी उचलला आणि टांगरा नावाची अख्खी वस्ती उभी केली. त्यांच्या खानावळींत हळूहळू बाहेरचं गिऱ्हाईक येऊ लागलं. त्याच्या जिभेसाठी हिरवी मिरची वाढली, लसूण वाढला, पातळ रस दाट झाला.

मुंबईत चिनी वस्ती लहानच होती. माझगावात नवाब टँक रोडवर १९१९ सालचं सी यप कून हे चिनी देऊळ अजून उभं आहे, ते तिची खूण. कुलाब्याचं नानकिंग, चर्चगेटचं कामलिंग अशी जुनी चिनी हॉटेलं होती, पण तिथे जाणारा वर्ग ठरावीक. १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि तिथून सिचुआन प्रांताच्या तिखट जेवणाची ओळख मुंबईला झाली. आज आपल्या तालुक्याच्या गाडीवर 'शेजवान' म्हणून जे मिळतं त्याचा पूर्वज तिथला.

आणि मग १९७५. नेल्सन वाँग हे कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. खिशात फारसं काही नसताना मुंबईला आले, पडेल ती कामं केली आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाकाला लागले. एका गिऱ्हाइकानं यादीबाहेरचं काहीतरी मागितलं. वाँग यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून तेलात परतली, पण नेहमीचा गरम मसाला न टाकता सोया सॉस टाकला, कॉर्नफ्लॉवरनं रस दाट केला आणि त्यात तळलेलं चिकन सोडलं. चिकन मंच्युरियन ते हेच. नंतर वाँग यांनी चायना गार्डन हे स्वतःचं हॉटेल काढलं आणि ते मुंबईत फार गाजलं.

मला या हकिकतीत सोया सॉसपेक्षा त्याच्या आधीची पायरी महत्त्वाची वाटते. तापलेलं तेल, त्यात आलं-लसूण, मग मिरची. आपल्या कालवणाची सुरुवात अशीच होते. केजच्या घरात ज्या वासानं भूक चाळवते, तोच वास वाँग यांच्या कढईतून आला, शेवटचं वळण तेवढं निराळं होतं. म्हणूनच हा पदार्थ क्लबातून उतरून गाडीवर यायला वेळ लागला नाही.

उतरताना मात्र त्याच्यातलं चिकन गळालं. त्याच्या जागी फुलकोबी आली, तिचं गोबी मंच्युरियन कर्नाटकात आणि गोव्यात आजही राज्य करतं. महाराष्ट्रातल्या गाडीवर फुलकोबीची जागा पत्ताकोबीनं घेतली. पत्ताकोबी वर्षभर मिळते, स्वस्त असते, गड्डा उन्हाळ्यातही काही दिवस टिकतो आणि किसून पिठात मिसळली की थोडक्यात जास्त गोळे होतात. बीडमध्ये आणखी एक कारण जोडलं जातं. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड यांच्या परंपरेत वाढलेल्या घरांत गळ्यात माळ असते आणि मांसाहार वर्ज्य असतो. माळकरी घरातल्या नातवंडालाही मंच्युरियन खाता येतं, कारण त्याची चव मांसावर अवलंबून नाही, ती सॉसमध्ये आहे. गाडीवर अशी माणसं एकच प्रश्न विचारतात, "कढई वेगळी आहे का?" ज्याला धंदा टिकवायचा आहे तो खरोखरच वेगळी ठेवतो. श्रावणात तर कित्येक गाड्यांवर चिकन पूर्ण बंद होतं.

आता शेजवान चटणीकडे वळू. सिचुआनच्या खऱ्या जेवणाचा प्राण म्हणजे तिथलं एक फळ, वाळवून वापरलं जाणारं. ते खाल्लं की जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. याच कुळातलं फळ आपल्या कोकणात आहे, तिरफळ. बांगड्याच्या आमटीत टाकतात ते. दोन्ही वनस्पती झँथॉक्सिलम या एकाच प्रजातीसमूहातल्या. म्हणजे सिचुआनच्या चवीचा सख्खा नातेवाईक महाराष्ट्रात होता, पण शेजवान चटणी बनवताना तो कोणी घेतला नाही. लाल सुकी मिरची, भरपूर लसूण, आलं, तेल, व्हिनेगर आणि साखर यांवर ती चटणी उभी राहिली. ठेच्यावर वाढलेल्या मराठवाड्याला ती परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. या चटणीचा बाजार किती मोठा झाला हे २०२४ मध्ये दिसलं. 'चिंग्ज सीक्रेट' या नावानं ही चटणी आणि नूडल्स विकणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सनं ५,१०० कोटी रुपये मोल ठरवून घेतली.

गाडीवरच्या राईसची चव घरी येत नाही अशी पुष्कळांची तक्रार असते. त्याची कारणं मसाल्यात शोधली जातात, खरी कारणं उष्णतेत आहेत. गाडीवरची भट्टी जास्त दाबाच्या गॅसवर चालते. तिची ज्योत कढईच्या बुडाला वेढून कडेपर्यंत चढते. अशा कढईत भाजी पडली की तिला सुटणारं पाणी क्षणात वाफ होऊन उडून जातं आणि भाजी परतली जाते. घरच्या शेगडीवर तेवढीच भाजी टाकली तर कढई थंड पडते, पाणी साठतं आणि भाजी शिजते. परतणं आणि शिजणं यांतला फरक जिभेला लगेच कळतो. पाण्याच्या सान्निध्यात तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं. त्याच्या बरंच वर गेल्यावरच प्रथिनं आणि शर्करा यांच्यात ती अभिक्रिया वेगानं होते, जी लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये प्रथम मांडली. भाकरीला पडणारे तांबूस डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि गाडीवरच्या राईसचा धुरकट खमंगपणा, हे सगळं तिचंच काम. शिवाय कढई हवेत उडवताना तेलाचे बारीक थेंब ज्योतीत पेटतात आणि त्यांचा स्वाद भाताला लागतो.

भात दुपारीच शिजवून ठेवण्यामागेही शास्त्र आहे. गरम भातातलं स्टार्च पाणी पिऊन सैल झालेलं असतं, म्हणून दाणा मऊ आणि चिकट. भात थंड झाला की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात, दाणा कडक होतो आणि कढईत उलटापालटा केला तरी मोडत नाही. ताज्या गरम भाताचा फ्राईड राईस करायला गेलं की गोळा होतो तो यामुळे.

मंच्युरियनच्या गोळ्याचं मर्म पत्ताकोबीच्या पाण्यात आहे. कोबी किसून मीठ लावलं की पाणी सुटतं. ते घट्ट पिळून काढायचं आणि मग मैदा, कॉर्नफ्लॉवर, आलं-लसूण, मिरपूड घालून गोळे वळायचे, वरून पाणी घालायचं नाही. पाणी राहिलं तर गोळा तेलात फुटतो किंवा आतून चिकट राहतो. चांगला कारागीर गोळा दोनदा तळतो, एकदा दुपारी अर्धवट आणि एकदा गिऱ्हाईक आल्यावर. ग्रेव्हीत शेवटी कॉर्नफ्लॉवरचं पाणी ओततात. पिठल्यात बेसन जे काम करतं तेच इथे तो करतो, फक्त त्याला स्वतःची चव नसल्यामुळे रस दाट होऊनही पारदर्शक आणि चकचकीत राहतो. ड्राय आणि ग्रेव्ही यांत फरक काय तो एवढ्या पाण्याचा.

कढई उडवणाऱ्या हाताबद्दल बोललं पाहिजे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या दोन संशोधकांनी चिनी आचाऱ्यांच्या भात उडवण्याचं चित्रीकरण करून त्यामागची गती मोजली. कढई सेकंदाला जवळपास तीन वेळा पुढेमागे होते, आणि तिला एका बाजूनं कलवण्याची जोड असते. त्या अभ्यासाचं एक कारण असं होतं की या आचाऱ्यांमध्ये खांदेदुखीचं प्रमाण फार मोठं आहे. लोखंडी कढई, त्यात दोन-तीन प्लेटचा भात, समोर भट्टीची धग आणि बीडचा मे महिना. रात्री अकरापर्यंत हे काम करणाऱ्याच्या खांद्याची किंमत हाफ प्लेटच्या भावात क्वचितच धरलेली असते.

हा कारागीर अनेक ठिकाणी नेपाळी असतो. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी माणसाला भारतात राहायला आणि काम करायला परवाना लागत नाही. तो आधी मुंबई-पुण्याच्या हॉटेलात भांडी घासतो, मग भाजी चिरतो, मग कढई धरतो आणि तिथून एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर छोट्या गावात येतो. गिऱ्हाइकं त्याचं नाव न विचारता सरसकट बहादूर म्हणून हाक मारतात, ते थांबायला हवं. अलीकडे गाडीवर स्थानिक मुलंही पुष्कळ दिसतात. त्यांचाही रस्ता बहुतेक तसाच असतो. दहावी-बारावीनंतर पुण्याकडे जायचं, हॉटेलात पोऱ्या म्हणून राबायचं, हात बसला की गावी परत येऊन गाडी टाकायची. जिथे पाऊस कमी आणि कारखानदारी त्याहून कमी, तिथे एका कढईवर, एका भट्टीवर आणि सिलिंडरवर उभा राहणारा धंदा ही मोठी गोष्ट आहे. आईबापांच्या हातातला कोयता आपल्या हातात येऊ नये म्हणून कढई धरलेल्या मुलाकडे मी आदरानं पाहतो.

प्लेटमधला ऊस अजून संपलेला नाही. अजिनोमोटो म्हणून जी पांढरी पूड चिमूटभर पडते ती म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्रशेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि खारट, गोड, आंबट, कडू यांपलीकडची ती चव असल्याचं सांगितलं. पिकलेल्या टोमॅटोत, सुकटीत ही चव नैसर्गिकपणे असते. आज ही पूड जिवाणूंकडून आंबवून बनवतात, आणि त्या जिवाणूंचं खाद्य अनेक कारखान्यांत उसाची मळी किंवा उसाची साखर असतं. सोया सॉसचंही असंच. सोयाबीन आज बीडच्या खरिपातलं मोठं पीक आहे, कापसाच्या जोडीनं शिवारं व्यापणारं. पारंपरिक सॉस सोयाबीन आणि गहू यांवर विशिष्ट बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवून होतो. गाडीवरच्या स्वस्त बाटलीत तेवढी सबुरी नसते. तिचा काळा रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा, म्हणजे जाळलेल्या साखरेचा असतो.

अजिनोमोटोविषयी घराघरांत भीती आहे. तिचं मूळ १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रात आहे. रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांनी लिहिलं होतं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, आणि त्याची कारणं सोया सॉस, दारू, मीठ किंवा ग्लुटामेट यांपैकी काहीही असू शकतात. बाकीची कारणं लोक विसरले, ग्लुटामेट तेवढं लक्षात राहिलं आणि चिनी जेवणावर एका आजाराचं नाव चिकटलं. खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही न सांगता घेतलेल्या पुढच्या चाचण्यांत हा परिणाम सातत्यानं दिसला नाही. अमेरिकेची अन्न-औषध संस्था या पदार्थाला सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते. साध्या मिठाच्या वजनात साधारण ३९ टक्के सोडियम असतं, अजिनोमोटोच्या वजनात १२ टक्के. रक्तदाब असलेल्या माणसानं गाडीवर सोया सॉस आणि मीठ कमी टाकायला सांगावं, ते जास्त उपयोगाचं. बारा महिन्यांखालच्या बाळाला मात्र अजिनोमोटो देऊ नये, आपल्याकडच्या पुड्यावरही तसं छापलेलं असतं.

काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टींची. पहिली, भात. बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात आणि शिजवल्यानं मरत नाहीत. भात तासन्‌तास उघड्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांतले काही एक विष तयार करतात. हे विष पुन्हा परतलं तरी नष्ट होत नाही. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राईड राईसमुळे उलट्यांच्या घटना घडल्या, तेव्हा हे नीट उलगडलं. एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा चाळिशीच्या वर जातो, अशा दिवसांत दुपारी शिजवलेला भात पातेल्यात रात्रीपर्यंत तसाच ठेवणं धोक्याचं आहे. पसरून लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवलेला भात मोकळाही होतो आणि सुरक्षितही राहतो. गाडीवाल्याला हे विचारायला संकोच वाटू देऊ नका.

दुसरी, रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली, कारण तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं गाड्यांवरच्या गोबी मंच्युरियनविरुद्ध ठराव केला. बीडच्या गाडीवरही गोळा भडक लाल दिसला तर तो लालपणा मिरचीचा नाही हे ओळखावं. मिरची आणि सोया सॉस यांनी येणारा रंग तपकिरीकडे झुकतो. तिसरी, तेल. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात घातक संयुगं साठतात. ती २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरू नये असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम आहे. गिऱ्हाइकाजवळ मोजायचं यंत्र नसतं, पण काळपट, फेसाळ, दाट झालेलं तेल डोळ्यांना दिसतं.

एवढं सगळं सांगूनही मला चायनीज सेंटरची बाजू घ्यायची आहे, आणि तिचं कारण प्लेटच्या बाहेरचं आहे. मराठवाड्यातल्या गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी ठेवली जायची. ती स्वतः धुऊन पालथी घालावी लागलेली माणसं अजून आपल्यात आहेत. चहाच्या हॉटेलाला, खानावळीला हा इतिहास चिकटलेला होता. चायनीजची गाडी त्या हिशेबाच्या बाहेरून आली. कोणत्या जातीचं हे अन्न, कोणी कोणाच्या हातचं खायचं, याबद्दल कुठलीही रूढी तिच्याबरोबर आली नाही. एकाच कढईतून चार मित्रांचे चार हाफ निघतात, कधी एक फुल आणि चार चमचे. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात जातीजातींमधला ताण किती वाढला हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. अशा वेळी वेगवेगळ्या आडनावांची मुलं एका टेबलाला बसून खातात, हे दृश्य मी लहान मानत नाही. यानं जात जात नाही. लग्नं आणि वस्त्या अजून ठरलेल्या रेषांतच होतात. पण ताटातली रेष इथे पुसली गेली आहे.

मुलींचंही तसंच. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, जुनी कॉलेजं आहेत, वसतिगृहं आहेत. ढाब्यावर किंवा बिअरबारच्या शेजारी मुलींचा गट बसू शकत नाही, चायनीज सेंटरच्या उजेडातल्या टेबलावर बसतो. ज्या घरांतून अजून परवानगी मिळत नाही तिथे पार्सल जातं. गाठ मारलेल्या पिशवीत राईस, छोट्या पुडीत चटणी. आईसुद्धा मग एक-दोन घास खाते, त्या दिवशी तिच्या भाकरी थापण्याला सुट्टी मिळते. (गरम ग्रेव्ही पातळ प्लास्टिकमध्ये बांधू नये, डबा न्यावा, हे जाता जाता सांगतो.)

ज्यांनी हे अन्न आपल्याला दिलं त्यांचं पुढे काय झालं हे फार थोड्या खाणाऱ्यांना माहीत असतं. १९६२ च्या भारत-चीन युद्धात भारत सरकारनं भारतात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, मुख्यतः आसाम आणि बंगालमधून, उचलून रेल्वेनं राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं. त्यांत म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती. त्यांच्यावर खटला चालला नाही. काहींना चीनला पाठवलं गेलं, काही जण १९६७ पर्यंत छावणीत राहिले. परत आले तेव्हा अनेकांची घरं आणि दुकानं विकली गेलेली होती. छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांच्यासह त्यावर पुस्तक लिहिलं, ते २०२० मध्ये आलं.

सुटलेल्यांपैकी आणि त्यांच्या नातलगांपैकी बरेच जण पुढे कॅनडाला गेले. टोरांटो आणि आसपासच्या गावांत त्यांची हॉटेलं आहेत. फलकावर 'हाक्का चायनीज' असतं, यादीत चिली चिकन, मंच्युरियन आणि मंचाव सूप असतं. गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर भारतातून, पाकिस्तानातून गेलेलं, त्यांत तिथे नोकरीला आणि शिकायला गेलेली मराठी मुलंही. कॅनडात गेलेल्या या चिनी वंशाच्या लोकांनी देवलीतल्या बंदिवानांची संघटना बांधली. २०१७ मध्ये त्यांतले काही वृद्ध टोरांटोहून ओटावाच्या भारतीय उच्चायुक्तालयापर्यंत गेले. त्यांची मागणी एकच होती, भारत सरकारनं झाल्या गोष्टीबद्दल माफी मागावी. ती मागितली गेलेली नाही.